मुकादमानं सोडवलेला घाणा

अर्चना देशिंगकरला अर्धवट राहिलेलं काम म्हणजे दातात अडकलेली सुपारी. निघेपर्यंत जीभ तिथंच. कॉलेजच्या परीक्षा विभागात उभी हयात काढली बाईनं, पण तिच्यामुळं एकाही पोराचा निकाल कधी रखडला नाही. निवृत्त झाली आणि ती सगळी शिस्त घरावर येऊन आदळली. घरात माणूस एकच होता, नवरा नंदकुमार. त्यामुळं जे काही आदळायचं ते त्या बिचाऱ्यावरच.

तिच्या मोबाईलमध्ये कामांच्या फायली होत्या. घर, बाग, औषधं, सणवार, सोसायटी, माहेर, रेवा. एकेक फाईल म्हणजे एकेक आराखडा. वर मोठं शीर्षक, त्याच्या पोटात छोटं शीर्षक, त्याच्या पोटात काम, कामाच्या पोटात आणखी बारीक काम. 'सणवार' उघडलं की 'दिवाळी', 'दिवाळी'त 'चकल्या', 'चकल्यां'त 'भाजणी दळून आणणे' आणि त्याखाली 'गिरणीवाल्याला आधी गव्हाचं दळण काढायला लावणे'. सोऱ्याची बिघडलेली चकतीसुद्धा तिथं स्वतंत्र ओळीत नांदत होती.

"माझी वेगळी फाईल आहे का गं?" नंदकुमारांनी एकदा विचारलं होतं. "की मी आपला भंगारात?"

"तुम्ही 'घर'मध्ये आहात. 'गळती आणि दुरुस्ती'च्या खाली," अर्चना मान वर न करता म्हणाली होती.

सात फायली म्हणजे सात तोंडं. गूळ 'सणवार'मध्येही आणायचा असे आणि 'घर'मध्येही, आणि दोन्हीकडून आला की ढेपेवर ढेप. हा घोळ मिटवला तो 'मुकादम' नावाच्या ॲपनं. सगळ्या फायली हा गडी एकदम वाचायचा, कुठलं काम कुठल्या कामावर अडलंय ते बघायचा आणि सकाळी चहाच्या वेळी आजच्या दिवसाची एकच रांग लावून द्यायचा. अर्चनाचा त्याच्यावर फार जीव. मुकादमाचा आवाज भरदार होता, आणि एकदा सांगितलेलं त्याला परत सांगावं लागत नसे. या दुसऱ्या गुणावर नंदकुमारांच्या समोर ती जरा जास्तच जोर द्यायची.

तिची एकुलती एक लेक, रेवा, पुण्यात मुकादम बनवणाऱ्या कंपनीतच कामाला होती. पावसाळ्याच्या तोंडावर ती दोन दिवस घरी आली आणि आईच्या फोनमध्ये नवा मुकादम घालून दिला. जेवणाच्या टेबलावर चार चमचे मांडून तिनं आईबापांना समजावलं.

"हे बघ आई, एकेक काम म्हणजे एकेक चमचा. 'हे झाल्याशिवाय ते नाही' असं असलं की या चमच्याकडून त्या चमच्याकडं बाण जातो. बाण सरळ जात असतील तर काम कधी ना कधी संपतं. पण बाण फिरून पहिल्या चमच्याकडंच आला तर? काम संपतच नाही. एक झालं की दुसरं उभं राहतं, दुसरं झालं की परत पहिलं. आम्ही त्याला घाणा म्हणतो. घाण्याचा बैल चालतो, चालतो, पोचत कुठंच नाही."

"पण घाण्यातनं तेल निघतं की," नंदकुमार म्हणाले. त्यांच्याकडं नेहमीप्रमाणं कुणी लक्ष दिलं नाही.

रेवा पुढं सांगत होती. जुन्या मुकादमाला एकाच माणसाच्या फायली दिसत. नव्याला, दोन्हीकडून होकार असला, तर दोन घरांच्या फायली एकत्र दिसत आणि बाण कुंपणावरून पलीकडं जात. शिवाय नवा मुकादम फलित मोजत असे. काम झाल्यावर जगात नेमकं काय बदललं? डब्यातला किराणा वाढला का, औषध संपलं का, कुणाचा हेलपाटा वाचला का? हे त्याला घरातल्या मीटरांवरून, फडताळातल्या वजनकाट्यांवरून, फोनवरून कळायचं. बाण गोल फिरतायत आणि बदल शून्य, असं दिसलं की तो घाणा सोडवायची परवानगी मागायचा.

"दर वेळी विचारू, की आपोआप सोडवू?" मुकादमानं त्याच वेळी विचारलं.

"आपोआप. विचारत बसलास तर मुकादम कसला?" अर्चना म्हणाली.

"निरोप तुमच्या आवाजात देऊ?"

"दे बाबा. माझा घसा तरी वाचेल."

रेवानं आईकडं पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात कुंपणावरून पद्मजानं हाक मारली आणि ते राहूनच गेलं.

पद्मजा चौगुले शेजारच्या घरात राहायची. बैठ्या घरांची ती कॉलनी सांगलीच्या जरा बाहेर, नदीचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर वसली तेव्हापासून दोघी शेजारणी. चौगुले साहेब गेल्यावर पद्मजा एकटीच होती. मुलगा सन्मती बेंगळुरूला. जैनाचं घर, त्यामुळं कांदा-लसूण-बटाटा नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही आणि चातुर्मासात पालेभाजीसुद्धा नाही. अर्चनाच्या 'घर' फायलीत 'पद्मजाला चालणारे' असं खास शीर्षक होतं, कारण दोघींमध्ये एक झाकणाचा स्टीलचा वाडगा फिरायचा.

वाडगा कुणाचा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यावर घातलेलं नाव घासून घासून कधीच गेलेलं. अर्चना ठामपणे समजायची की तो पद्मजाचा. पद्मजा तेवढ्याच ठामपणे समजायची की तो अर्चनाचा. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हे दोघींनाही आयांनी शिकवलेलं. त्यामुळं पद्मजाकडून गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, आली की अर्चना वाडगा घासून त्यात ओल्या नारळाच्या करंज्या घालून 'परत' करायची. मग पद्मजा त्यात भडंग भरून 'परत' करायची. इकडून तिकडं, तिकडून इकडं, दोघीही आपापल्या परीनं दुसरीचा वाडगा देऊन टाकत होत्या. इतक्या वर्षांत तो काही देऊन होत नव्हता.

पद्मजाला मुकादम वगैरे नकोच होता. "मला काय करायच्यात गं फायली? माझी कामं ती किती," असं ती म्हणालेली. पण अर्चना कसली ऐकते. शेजारी बसून तिनं पद्मजाचे आराखडे स्वतः लिहिले, तिच्या औषधांचे, गॅसचे, बसदीतल्या, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातल्या, पूजेचे. पद्मजा सांगत गेली, ही लिहीत गेली. त्यातच पद्मजानं सांगितलं, "आणि तुझा वाडगा परत करायचा आहे, ते लिही." अर्चना घाईत होती. बोट चालतच होतं. ती लिहून मोकळी झाली, आणि दोन्ही घरांची जोडणी करून टाकली.

मग सुखाचे दिवस आले. खोटं कशाला बोला, खरंच आले. "पाणी आलं का गं?" म्हणून दोघी एकमेकींना सकाळी विचारायच्या, ते आता दोन्ही फोनांना आधीच कळायचं. पद्मजाच्या झाडाचा कढीपत्ता आणायला अर्चना जायची आणि अर्चनाच्या झाडाची लिंबं न्यायला पद्मजा यायची. मुकादमानं हिशेब केला, आणि कॉलनीची सामान पोचवणारी छोटी यंत्रगाडी, जिला पोरं 'ढकल्या' म्हणत, ती दोन्ही वस्तू परस्पर दारात ठेवू लागली. पद्मजाच्या गोळ्या वेळेवर झाल्या की अर्चनाच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. मग जाऊन विचारायचं काय? खूण तर दिसतेच आहे. अर्चनाला रोज दुपारी चांगला वेळ मोकळा मिळू लागला. तिनं 'मोडी' नावाची आठवी फाईल उघडली आणि मोडी लिपी शिकायला बसली.

हिवाळा लागला तशी एका सकाळी नंदकुमारांनी विषय काढला.

"बऱ्याच दिवसांत हुग्गी आली नाही गं."

"चातुर्मास आहे पद्मजाचा."

"चातुर्मास संपला. तुळशीची लग्नं लागून गेली. आणि हुग्गीत कुठली आलीय पालेभाजी?"

अर्चनानं फोनवर पाहिलं. पद्मजाच्या गोळ्या, हिरवी खूण. पद्मजाचा गॅस, हिरवी खूण. "बरी आहे ती," असं म्हणून ती मोडीतला 'ज्ञ' गिरवू लागली. पण हात जरा रेंगाळला, हे तिचं तिला कळलं.

त्यानंतरच्या सोमवारी चहाच्या वेळी मुकादमानं नेहमीच्या भरदार आवाजात दिवसाची रांग वाचली. बागेत खत. माहेरी फोन. विजेच्या माणसाला वेळ. आणि शेवटी म्हणाला, "गुरुवारी सकाळी चौगुले यांचं सामान हलवण्यासाठी टेम्पो तुमच्या फाटकासमोर उभा राहील. परवानगी आपोआप दिली आहे. तुम्हाला काही करायचं नाही."

अर्चनाच्या हातातला कप बशीवर आपटला.

"कसलं सामान?"

"घरातलं सगळं. पद्मजा चौगुले बेंगळुरूला कायमच्या राहायला जात आहेत. संबंधित कामं मार्गी लागली आहेत."

आधी तिला राग आला. आपल्याला न सांगता ही बाई जाते? इतक्या वर्षांचा शेजार, आणि मला हे यंत्रानं सांगावं? ती तरातरा कुंपणापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. हिनं आपल्याला सांगितलं नाही, पण आपण हिला शेवटचं भेटलो कधी? काही केल्या आठवेना. तिनं तिथूनच रेवाला फोन लावला.

रेवानं सगळं ऐकून घेतलं. "थांब, बघते," म्हणाली. मग फोनमधून कळा बडवल्याचा आवाज येत राहिला.

"आई, तुझ्या फायलीत आहे 'पद्मजाचा वाडगा परत करणे'. मावशीच्या फायलीत आहे 'अर्चनाचा वाडगा परत करणे'. एक झालं की दुसरं उभं राहतं. मुकादमाला तो घाणा दिसला. त्यानं दोन्हीकडचं खाणं मोजलं, साधारण सारखंच भरलं. फलित शून्य. म्हणून त्यानं सोडवला."

"सोडवला म्हणजे काय केलं?"

"बाबांनी हुग्गी खाऊन वाडगा धुऊन खिडकीत ठेवला होता. ढकल्यानं तो उचलून मावशीकडं पोचवला."

"रिकामा?"

"रिकामा. आणि तुझ्या आवाजात निरोप दिला. ऐकवू?"

अर्चनानं नको म्हणायच्या आत तिचाच आवाज फोनमधून आला. स्वच्छ, प्रेमळ, जरा घाईतला, अगदी तिचा. 'पद्मजा, वाडगा परत पाठवते आहे. आता माझ्याकडं तुझं काही राहिलेलं नाही. तुझ्याकडंही माझं काही नाही. सगळं पूर्ण झालं बघ.'

अर्चना कुंपणाचा खांब धरून उभी राहिली.

"हे कुणी सांगितलं होतं त्याला?" ती कसंबसं म्हणाली.

"तूच आई. मी त्या दिवशी म्हणणार होते, एवढं सगळं आपोआप नको. मग राहून गेलं. चुकलंच माझं."

"तुझं नाही गं. मी तुला बोलू दिलं असतं तर ना. बंद कर ते आपोआप आणि आता याच्यात काय करता येईल ते सांग."

"बंद करते. पण झालेलं मागं फिरत नाही. बेंगळुरूला सन्मतीच्या घराजवळ मावशीसाठी खोली घेऊन झालीय, इथला गॅस बंद करायला सांगितलाय, टेम्पो ठरलाय. एकापुढं एक लागून आहेत कामं. मावशीनं स्वतः थांबवलं तरच थांबेल."

अर्चना तशीच फाटक उघडून पद्मजाच्या घरात गेली. पायांत घरातल्या सपाता, हात रिकामे.

पद्मजा पुढच्या खोलीत खोक्यांच्या मधोमध एका स्टुलावर बसली होती. भिंतीवरच्या फोटोंच्या जागी फिकट चौकोन उरले होते. अर्चनाला बघून ती उठली नाही, पण दुसरं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"आलीस व्हय. बस. चहा टाकला असता, पण भांडी बांधून झाली बघ."

"पद्मजा, तो निरोप मी दिला नव्हता."

"आवाज तुझाच होता की."

"आवाज माझा होता, पण बोलला तो मुकादम. त्याला वाटलं, आपण उगाच वाडगा फिरवतोय. मला माहीतही नव्हतं गं. आत्ता कळलं, रेवानं सांगितलं तेव्हा."

पद्मजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"साखरेचे चार दाणे तरी टाकायचे गं त्यात," ती म्हणाली. "रिकामं भांडं दारात बघून मला कसं झालं, ते मी तुला काय सांगू? आधी वाटलं, हुग्गीत गूळ कमी पडला असेल. मग वाटलं, सोसायटीच्या मीटिंगला मी कलंत्र्यांच्या बाजूनं बोलले, ते हिला लागलं असेल. आठ दिवस कुंपणापाशी घुटमळत होते. म्हटलं, ही येईल, भांडेल, मग बोलू. तू आलीच नाहीस."

"मला वाटलं, तुझं सगळं ठीक चाललंय. खूण दिसायची ना हिरवी."

"ठीकच चाललेलं. गोळ्या घेत होते. गोळ्या घेतल्या म्हणजे झालं का?"

अर्चनानं खिडकीतून कुंपणाकडं पाहिलं. मुकादमानं एक वाडगा नेला हे खरं, पण त्यानंतर इतके महिने आपली वाट कुणी अडवली होती? कुंपण तर तेवढंच होतं. पद्मजाकडं आपलं काही काम उरलं नाही, म्हणून आपण गेलो नाही. मोडी गिरवत बसलो. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती तशी बोललीही, "मला लाज वाटते गं."

"वाटू दे की जरा," पद्मजा म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता. "आता खरं सांगू? सन्मती तीन वर्षं मागं लागलाय, आई इकडं ये म्हणून. दर वेळी मी सांगायची, 'अर्चना आहे की इथं.' त्यावर त्याचं तोंड बंद व्हायचं. या वेळी विचारलं त्यानं, 'आता काय कारण आहे, आई?' मला काही सुचेना. म्हटलं, येते."

"जाऊ नकोस," अर्चना म्हणाली.

"का?"

अर्चनानं आयुष्यभर कुठलंही काम कारणाशिवाय लिहिलं नव्हतं. तिनं भराभर कारणं मांडायला सुरुवात केली. "तुझ्या गोळ्यांकडं कोण बघणार?"

"सून डॉक्टर आहे."

"बसदी?"

"घराच्या मागंच आहे म्हणतात. इथल्यापेक्षा मोठी."

"तिथली हवा सोसणार आहे का तुला?"

"इथल्यापेक्षा बरी आहे. उन्हाळ्यात तू स्वतःच म्हणतेस, सांगली म्हणजे तवा."

"भाषा?"

"माझं माहेर बेळगावकडचं. कन्नड मला तुझ्या मराठीपेक्षा चांगलं येतं."

अर्चनाची कारणं संपली. एकही टिकलं नाही. पद्मजा स्टुलावर ताठ बसून तिच्याकडं बघत होती, परीक्षा घेत असल्यासारखी, आणि त्या बघण्यात थोडी आशा होती.

"मला करमणार नाही," अर्चना म्हणाली आणि रडायलाच लागली. "बास, एवढंच आहे. तुझ्या सोयीचं काही नाही त्यात. तू गेलीस तर मला करमणार नाही."

पद्मजानं नाक ओढून फोन उचलला आणि लेकाला लावला.

"सन्मती, जेवलास का? बरं. अरे, मी काही येत नाही तिकडं. हो, आत्ता ठरलं. कारण? इथं अर्चनाला करमत नाही म्हणते. नाही रे, आजारी नाही ती, चांगली धडधाकट आहे. नाही, दुसरं काही कारण नाही. एवढंच. खोली सोड म्हणते ना. तुला पैसे भरून झाले असले तर माझ्याकडनं घे. आणि गुरुवारी तूच ये सुट्टी काढून. खोकी सोडायला माणूस पाहिजे मला, आणि हिच्या नवऱ्याची पाठ दुखते."

पलीकडून सन्मती काहीतरी बोलत होता. पद्मजा ऐकत होती आणि हसत होती. शेवटी म्हणाली, "तुला नाही कळायचं ते," आणि फोन ठेवला.

अर्चनानं डोळे पुसले. ऊन डोक्यावर आलं होतं. पद्मजाच्या जेवणाची वेळ होत आली, आणि पातेली सगळी खोक्यांत. दोघींनी मिळून एक खोकं फोडलं, त्यातून कुकर आणि डाळीचा डबा काढला. काम चाललं असताना पद्मजा म्हणाली, "वाळलीस गं," आणि अर्चना म्हणाली, "काहीतरीच," तेवढंच. खिचडीला शिटी झाली तशी अर्चना निघाली.

"सकाळी ये," पद्मजा दारात येऊन म्हणाली.

"येते."

तेवढ्यात अर्चनाच्या हातातल्या फोनमधून मुकादमाचा भरदार आवाज आला. "नवीन काम नोंदवतो. उद्या सकाळी, चौगुले यांच्याकडं जाणे. कशासाठी?"

अर्चनाला खरंच काही सुचेना. पद्मजा पायरी उतरून पुढं आली, चष्मा नाकावर सरकवून फोनवर वाकली आणि म्हणाली, "तुला रे काय करायचंय?"